तार गेली, टपाल राहिलें

काळ बदलला म्हणजे संस्थांनींही बदललें पाहिजे, हें वाक्य आतां इतकें सर्वतोमुखीं झालें आहे कीं, त्याचा नेमका अर्थ काय, हें पुसण्याचें कोणास सुचत नाहीं. बदलावयाचें काय आणि प्राणपणानें जपावयाचें काय, हा खरा प्रश्न. त्याचें उत्तर कोरड्या उपदेशांत सांपडत नाहीं. एखाद्या जुन्या संस्थेचें चरित्र डोळसपणें पाहिलें तर मात्र हातीं लागण्याचा संभव असतो. अशी एक संस्था आपणां सर्वांच्या उंबरठ्याशीं पिढ्यान् पिढ्या येत आली आहे. ती म्हणजे टपालखातें.

या खात्याची घडी बसली ती १८५४ सालच्या कायद्यानें. अंतर कितीही असो, ठराविक वजनाच्या पत्रास अर्धा आणा पुरे, हा नियम त्याच वर्षाचा. त्यामुळें पत्र ही सधनांची चैन न राहतां गरिबाचेंही साधन झालें. पुढें पत्र वाहणाऱ्या हातांनींच एकेक नवें काम उचललें. १८७७ सालीं व्ही. पी. आली, १८८० सालीं मनिऑर्डर आणि १८८२ सालीं बचत बँक. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं अलाहाबादेहून नैनीस विमानानें टपाल गेलें, तेव्हां मनुष्य विमानांतून उडूं लागल्यास पुरतीं आठ वर्षेंही झालीं नव्हतीं! सरकारी खातीं नव्याला बिचकतात असें म्हणणारांनीं हा दाखला ध्यानांत ठेवावा.

तथापि आमच्या मतें या खात्याची सर्वांत मोठी युक्ति यंत्राची नव्हेच. ती केवळ आंकड्यांची आहे. एकाच नांवाचीं गांवें अनेक, पत्ते लिहिणारांच्या लिपी नाना, आणि कित्येकांचें अक्षर तर विचारूंच नये! या गोंधळावर १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आंकडी पिन कोडाचा उतारा मिळाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे खात्यांतीलच वरिष्ठ अधिकारी, आणि संस्कृतांत विपुल लेखन करणारे मराठी पंडित. ४११०३० हा आंकडा पाहिला कीं, आरंभींच्या ४ वरून पत्र महाराष्ट्राच्या बाजूस वळतें, ४११ वरून पुण्यास पोंचतें आणि उरलेल्या तीन आंकड्यांवरून सदाशिव पेठेंत जातें. नवी कल्पना बाहेरून विकत आणावी लागतेच असें नाहीं. रोजची अडचण जवळून पाहणाऱ्या घरच्याच माणसास ती अनेकदां सुचते, फक्त त्याचें म्हणणें ऐकून घेणारा कोणी वर असावा लागतो.

आतां दुसरें चित्र पाहूं. १८५० सालीं कलकत्ता व डायमंड हार्बर यांमध्यें प्रयोगादाखल पहिली तार धांवली. तारवाला दारीं दिसला कीं घरांतील बायकांच्या काळजाचा ठोका चुकावा, असा तिचा दरारा! पुढें १९८५ सालीं टपाल व दूरसंचार हीं खातीं वेगळीं झालीं आणि तार दूरसंचाराकडे गेली. जुलै २०१३ मध्यें ती कायमची बंद झाली. असें कां व्हावें? तारेचा सारा जीव एका वेगांत होता. हातांतल्या दूरध्वनीवरून क्षणांत निरोप जाऊं लागल्यावर तिच्यापाशीं देण्यासारखें दुसरें कांहीं उरलें नाहीं. घरगुती पत्रें तर टपालाचींही आटलीं. परंतु टपालापाशीं तीन ठेवी शिल्लक होत्या. दारापर्यंतचा रस्ता, घरोघरचा पत्ता आणि पैसे सोंपवावेत असा विश्वास.

या ठेवींचा विनियोग मात्र नेहमींच वेळेवर झाला असें आम्हांस म्हणवत नाहीं. माल दारीं आल्यावर पैसे मोजावे, ही रीत व्ही. पी. नें आपल्याला शिकविली. आज घरबसल्या खरेदीचा जो प्रचंड व्यापार चालतो, त्यांत तीच रीत आहे, पत्त्यासही तोच पिन कोड लागतो. पण त्यांतील मोठा वांटा खासगी कंपन्या घेऊन गेल्या. घरचें बियाणें आणि पीक शेजाऱ्याचें, अशांतलाच हा प्रकार होय.

उशिरां का होईना, पुढील पाऊल पडलें. १ सप्टेंबर २०१८ रोजीं टपालखात्याची पेमेंट्स बँक देशभर सुरू झाली. आतां खेड्यांतील म्हाताऱ्या आजीस आपल्या बँकेंतील पैसे आंगठ्याच्या ठशावर पोस्टमनकडून घरींच मिळूं शकतात, आणि निवृत्त आजोबांचा हयातीचा दाखलाही पोस्टमन दारीं येऊन करून देतो. काम नवें, पण वाट तीच, माणूस तोच.

यांत केवळ सोय नाहीं, जोखीमही आहे. स्वातंत्र्याच्या वेळीं देशांत २३,३४४ टपालकचेऱ्या होत्या. आज त्या दीड लाखांहून अधिक असून दहांपैकीं सुमारें नऊ खेड्यांत आहेत. खात्याची आवक खर्चास पुरत नाहीं. निव्वळ जमाखर्च पाहणारा म्हणेल, खेड्यांतील दारें बंद करा. तसें केल्यास तूट कदाचित् भरेल, परंतु ज्या ठेवीवर नवें काम उभें करावयाचें तीच मोडल्यासारखें होईल. उलट, सेवाभावाचें नांव पुढें करून कांहींच न बदलावें, तर तारेची वाट ठरलेलीच आहे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण गांवचें वाचनालय, शिक्षणसंस्था, सहकारी पतपेढी किंवा महिला मंडळ चालवीत असतील. वाचनालयांत सभासद येत नाहींत, शाळेंत मुलें घटलीं, ही तक्रार आज सर्वत्र ऐकूं येते. अशा चालकांनीं वार्षिक सभेंत तीन प्रश्न जरूर विचारावे : आपण लोकांस खरोखर देतों तें काय? तें देण्याची आजची रीत उद्यां गेली, तर आपल्यापाशीं काय उरेल? आणि रोज लोकांशीं गांठ पडणारे आपले शिपाई, कारकून, शिक्षक यांस कांहीं सुचलें, तर तें ऐकावयास कोणास सवड आहे काय? वाचनालयाचें काम कपाटें राखणें नसून वाचणारा घडविणें हें आहे, एवढें ज्यास उमजलें, त्याचें कपाट उद्यां राहिलें काय आणि गेलें काय, वाचनालय टिकेल.