न भाजणारी ऊब

हिवाळ्यात काश्मिरी माणसाच्या फेरनच्या, म्हणजे सैल झग्याच्या, आत कांगडी असते. मातीचं भांडं, त्याभोवती विणलेली टोपली आणि आत धुमसणारे कोळसे. बसलं की ती पोटाशी किंवा मांड्यांमध्ये येते आणि तासन्‌तास तिथेच राहते. वर्षानुवर्षं कांगडी वापरणाऱ्याच्या मांड्यांवर आतल्या बाजूने तपकिरी जाळी उमटलेली दिसते. तिथे भाजलेलं मात्र बहुधा नसतं.

त्वचा भाजायला लागली की आपण हात झटकतो. साधारण ४३ ते ४७ अंशांचा शेक मात्र सुखाचा वाटतो, त्यामुळे तो कुणी आवरता घेत नाही. त्वचेखालच्या बारीक शिरा मुळात जाळीसारख्याच पसरलेल्या असतात. उष्णतेने त्या फुगतात आणि लालसर नक्षी वर दिसू लागते. सुरुवातीला दाबली की ती फिकी होते, शेक थांबवला की जाते. रोज तेच होत राहिलं तर शिरांतून झिरपलेल्या रक्तातलं लोह आणि त्वचेचं रंगद्रव्य त्याच रेषांवर साठतं. मग दाबूनही रंग हलत नाही. सावळ्या त्वचेवर लाली फारशी कळत नाही, थेट तपकिरी-काळी जाळीच नजरेस येते. खाज बहुधा नसते, म्हणून ‘मळ बसला असेल’ असं समजून लोक घासत बसतात!

आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी कमी झाली, पण गरम पाण्याची पिशवी आणि हीटिंग पॅड घरोघरी आहेत. मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांमध्येही ही जाळी आढळते. बऱ्याचदा ती एकाच मांडीवर असते, कारण यंत्राची एकच बाजू जास्त तापते. पाठीवर किंवा पोटावर जाळी दिसली तर मला जाळीपेक्षा तिच्यामागचं दुखणं महत्त्वाचं वाटतं. इतके महिने शेक का लागतो? स्वादुपिंडाची जुनी सूजसुद्धा अशी उघडकीस आलेली आहे. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्यांना तर शेक किती तापलाय हेच कळत नाही.

औषधापेक्षा शेक बंद करणं हाच मुख्य उपाय. नवी जाळी काही महिन्यांत विरते. जुनी कायमची राहू शकते. क्वचित, अनेक वर्षांनी, तिच्यावर कर्करोग होतो. काश्मीरमध्ये काम करणारे डॉ. एल्म्स्ली यांनी १८६६ मध्येच कांगडीशी जोडलेल्या अशा कर्करोगाची नोंद केली होती. म्हणून जाळीवर गाठ आली किंवा जखम भरेनाशी झाली तर बायोप्सी करतात. नुसती जाळी असेल तर सहसा बायोप्सीची गरज पडत नाही; शेक कशाचा, कुठे आणि किती वेळ घेता, एवढं विचारलं की निदान होतं.