बिनतेलाची कोशिंबीर: वजन नेमके कशाने घटते?

वजन उतरवण्याचा निश्चय झाला, की स्वयंपाकघरातून सर्वांत आधी हद्दपार होते ती तेलाची बाटली. रात्रीच्या ताटातील भात-आमटी जाते आणि तिच्या जागी काकडी, गाजर, टोमॅटो व वर पिळलेले लिंबू येते. पहिल्या आठवड्यात वजनकाटा उतरतो. त्या उतारात शरीरातील पाण्याचा वाटा मोठा असतो. तिसऱ्या आठवड्यात भूक असह्य होऊन फरसाणाचा डबा उघडला जातो आणि अनेकांचा निश्चय तेथेच संपतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) गोव्यातील १५ ते ४९ या वयोगटातील एक तृतीयांशाहून अधिक महिलांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आहे. त्यामुळे भाज्या आणि बिनतेलाची कोशिंबीर खाऊन वजन खरोखर कसे घटते व हा आहार टिकतो कसा, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

भाजीचे बळ कशात?

काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते. शंभर ग्रॅम काकडीतून जेमतेम १५, तर तेवढ्याच टोमॅटोतून २० च्या आसपास कॅलरी मिळतात. शंभर ग्रॅम तेलात मात्र ९०० कॅलरी असतात. पाणी आणि तंतू यांमुळे भाजी पोटात जागा व्यापते, चावायला वेळ लागतो आणि थोड्या कॅलरींत तृप्ती येते.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांच्या गटाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही महिलांना मुख्य जेवणाआधी सॅलड देण्यात आले. कमी कॅलरींचे ३०० ग्रॅम सॅलड आधी खाल्ल्यावर संपूर्ण जेवणातील कॅलरी सुमारे १२ टक्क्यांनी घटल्या. त्याच आकाराचे पण चीज व स्निग्ध मिश्रण भरपूर घातलेले सॅलड दिल्यावर मात्र त्या १७ टक्क्यांनी वाढल्या. कोशिंबीर जेवणाच्या आरंभी खावी आणि तिच्यावर काय घातले आहे ते पाहावे, असे दोन धडे यातून मिळतात.

तेल शून्यावर आणले तर?

अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्ध पदार्थांत विरघळतात. गाजर, पालक, तांबडी भाजी यांतील बीटा-कॅरोटीन आणि टोमॅटोतील लायकोपीन यांचेही तसेच. आतड्यात ती शोषली जाण्यासाठी सोबत थोडा स्निग्धांश लागतो. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये पालक, गाजर, टोमॅटो आदींचे सॅलड तीन प्रकारे देऊन रक्त तपासले: तेलाविना, थोड्या तेलासह आणि भरपूर तेलासह. तेलाविना खाल्लेल्या सॅलडमधून कॅरोटीन वर्गातील द्रव्ये जवळजवळ शोषलीच गेली नाहीत. ताटात भाजी होती, पण तिच्यातील हे पोषण शरीरापर्यंत पोहोचले नव्हते.

दुसरा धोका पित्ताशयाचा. स्निग्धांश अत्यल्प असलेला आहार दीर्घकाळ घेतला, तर पित्ताशय पुरेसे आकुंचन पावत नाही; पित्त साचून राहते. त्यात वजन झपाट्याने घटत असेल, तर पित्तखडे होण्याची शक्यता वाढते.

बिनतेलाची, पण बिनस्निग्धांशाची नव्हे

या अडचणीतून सुटण्याचा मार्ग घरच्या कोशिंबिरीतच आहे. तेलाचा थेंब नसतानाही तिच्यात ओल्या नारळाचा चव, दाण्याचे कूट किंवा दही असते. नारळाच्या दोन मोठ्या चमचे चवात साधारण चार ग्रॅम स्निग्धांश, म्हणजे जवळजवळ एका छोट्या चमचाभर तेलाइतका असतो. गाजरातील कॅरोटीन शोषले जाण्यास तो साहाय्य करतो.

परंतु हाच हिशेब उलटही फिरतो. दाण्याच्या कुटाचे दोन मोठे चमचे म्हणजे नव्वदच्या आसपास कॅलरी. तयार मेयोनीजचा एकच मोठा चमचा तेवढ्याच कॅलरी देतो. दोनशे ग्रॅम काकडी-टोमॅटो-गाजर यांच्या वाटीत मिळून पन्नासच्या आत-बाहेर कॅलरी असतात. ‘तेल घातलेले नाही’ या समाधानात मूठभर कूट पडले, तर वाटीतील कॅलरी तिप्पट होतात. एक छोटा चमचा तेल त्या मानाने चाळीसच कॅलरींचे. त्यामुळे नारळ, कूट किंवा तेल यांपैकी एकच निवडावे आणि तेही मोजून घालावे.

महिन्याचे तेल मोजावे

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहारविषयक सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दोन हजार कॅलरींच्या दैनंदिन आहारात ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे आणि सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप असे प्रमाण त्यांत सुचविलेले आहे. २७ ग्रॅम म्हणजे सहा छोटे चमचे. चार प्रौढांच्या घरात हे माप पाळले, तर महिन्याला साडेतीन लिटरांच्या आसपास तेल पुरते. घरात पाच-सहा लिटर संपत असेल, तर वजनाचे कारण कोशिंबिरीत शोधण्याऐवजी कढईत शोधलेले बरे. वजन उतरवायचे असल्यास एकूण कॅलरींबरोबर तेलही या मापाखाली आणावे लागते. रोजच्या आमटीत नारळ असेल, तर आणखी हात आखडावा.

गोमंतकीय ताटातील पर्याय

कमी तेलाचे जेवण गोव्याला नवे नाही. पारंपरिक खतखत्याला फोडणी नसते. अनेक भाज्या, डाळ, नारळाचे वाटण आणि तिरफळे यांवरच ते उभे राहते. वाटणातील नारळ थोडा कमी केला, तर वजन घटविणाऱ्यांसाठी याहून सोयीचे पक्वान्न शोधावे लागणार नाही. सात शिरांची भेंडी आणि आगशीची वांगी यांना भौगोलिक मानांकन लाभले आहे. मात्र वांगे तेल शोषून घेते. तळलेल्या कापांपेक्षा भाजून केलेले भरीत हलके पडते.

सर्वच भाज्या कच्च्या खाण्याचा आग्रहही नको. शिजवल्याने गाजर-टोमॅटोतील रंगद्रव्ये अधिक सहज शोषली जातात. कच्च्या भाजीत क जीवनसत्त्व टिकते. म्हणून दोन्हींचा मेळ घालावा. पावसाळ्यात पालेभाज्यांवर चिखल, अळ्या आणि जंतू अधिक असतात. त्या शिजवूनच घ्याव्यात. काकडी, मुळा, गाजर वाहत्या पाण्याखाली धुऊन मगच चिरावेत. अळू तर शिजवल्याविना घसा खवखवतो.

नुसती कोशिंबीर हे पूर्ण जेवण होत नाही. प्रथिने अपुरी पडली, की वजनाबरोबर स्नायूही झिजतात. कोशिंबिरीत मोड आलेले वाफवलेले मूग घालावेत. सोबत दही, डाळ, अंडे किंवा कमी तेलात शिजवलेली मासळी असावी. छोटी भाकरी अथवा अर्धी वाटी उकड्या तांदळाचा भातही वर्ज्य करण्याचे कारण नाही. चव आणण्यासाठी लिंबू, आले, हिरवी मिरची, कोथिंबीर, जिऱ्याची पूड पुरेशी आहे. मिठाचा हात मात्र हलका ठेवावा.

कोणी सावध राहावे?

रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण अचानक वाढवू नये; त्यांतील के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो. मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांना भाज्यांतील पोटॅशियम बाधू शकते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी भात-पोळी एकदम तोडली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. या सर्वांनी, तसेच गर्भवती व स्तनदा मातांनी, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आहारात बदल करावा.

वजन उतरते ते महिनोन्महिने निभावता येणाऱ्या आहाराने. जेवणाच्या आरंभी वाटीभर कोशिंबीर, तिच्यात मोजलेला चमचाभर नारळ, बाजूला उसळ आणि महिनाअखेरीस तेलाच्या पिशव्यांची मोजणी इतके जमले, तर तिसऱ्या आठवड्यात फरसाणाच्या डब्याकडे हात जाण्याची वेळ सहसा येत नाही.