साखळी आखूड, ताण दुप्पट

मुंबईची शेवटची काळी-पिवळी ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेतून निवृत्त झाली. ताडदेवच्या आर.टी.ओ.त तिची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती. वीस वर्षांची मुदत संपली. पण तिची थोरली बहीण फियाट ११००, हीसुद्धा कुर्ल्याच्या कारखान्यातलीच, काही हौशी मालकांनी जपून ठेवली आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली खाजगी गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. मूळ रूप राखायचे म्हणजे जुनेच इंजिन बाहेर काढून, दुरुस्त करून पुन्हा बसवणे आले.

हे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे. हिशेबासाठी त्याचे वजन १२० किलो धरू. गॅरेजच्या तुळईला टांगलेल्या चेनकप्पीने एकटा मेकॅनिक ते उचलतो. कप्पीचे वेगगुणोत्तर ४० असेल, तर इंजिन एक मीटर वर यायला हातातली साखळी चाळीस मीटर ओढावी लागते. घर्षण नसते, तर जोर फक्त ३ किलोंचा लागला असता. पण हाताला हलके लागले म्हणून तुळईला हलके होत नाही! तिच्यावर पूर्ण १२० किलो असतात, शिवाय कप्पीचे वजन आणि हाताची ओढ.

खरी गोम हुकाच्या खाली आहे. इंजिनाच्या दोन टोकांना बांधलेली साखळी मध्यावर हुकात अडकवतात. तिच्या दोन्ही भुजा उभ्या असत्या, तर प्रत्येकीवर ६० किलोंचा ताण आला असता. त्या तिरप्या असतात आणि ताणाचा फक्त उभा घटक वजन पेलतो. म्हणून उभ्या रेषेशी होणाऱ्या कोनाच्या कोसाइनने ६० ला भागायचे. ३० अंशांना ताण ६९ किलो, ४५ ला ८५, ६० ला थेट १२०, आणि ७५ अंशांना २३२! साखळी आखूड घेतली की कोन वाढतो. ६० अंशांना बोल्टांवर आडवी ओढही १०४ किलोंची येते.

गिरगावातल्या चाळीत ओली चादर वाळत घालणाऱ्याला हे ठाऊक असते. दोरीचा झोळ काढायला ती जितकी ताणावी, तितकी तुटायला येते. म्हणून इंजिनाची साखळी लांब घ्यावी. भुजा ३० अंशांच्या आत राहिल्या तर उत्तम. मात्र हुक गुरुत्वमध्याच्या वरच हवा, नाहीतर इंजिन उचलताच कलंडते. गिअरबॉक्स जोडलेला असेल, तर मेकॅनिक हुक मुद्दाम थोडा पुढे घेतो. मग मागची बाजू खाली झुकते आणि गिअरबॉक्स बॉडीखाली सरकतो.

तुळई जागची हलत नाही, म्हणून गाडीच ढकलत इंजिनाखाली आणतात. टांगलेले इंजिन हा लंबकच. झोका मंद दिसतो, पण १२० किलोंचे जडत्व बोटांनी थांबत नाही. इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये हात घालायचा नाही; नेम साधायला पहार वापरायची. टांगलेल्या इंजिनाखाली तर कोणीच जायचे नाही, हरवलेला नट शोधायलासुद्धा! रबरी माउंटिंगचे सगळे बोल्ट हाताने काही आटे फिरले, की मगच साखळी सैल करतात.