यात अंडं नाही ना?

भारतातून पाहुणे येणार म्हटलं की आमच्या बर्मिंगहॅमच्या घरातला कार्यक्रम ठरलेला असतो. पहिला दिवस झोपेचा, दुसरा शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डचा आणि तिसरा बोर्नव्हिलचा. स्ट्रॅटफर्डला लोक सभ्यपणे कंटाळतात. बोर्नव्हिलला कंटाळलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. तिथलं छोटं रेल्वे स्टेशनसुद्धा कॅडबरीच्या जांभळ्या रंगात रंगवलेलं आहे, आणि वारा अनुकूल असला तर चॉकलेटचा वास येतो. आपल्याकडे 'कॅडबरी' हे कंपनीचं नाव थोडंच आहे? ते चॉकलेटचंच नाव आहे. कोणत्याही कंपनीचं चॉकलेट हातात ठेवा, आमच्या गावची पोरं म्हणणार, "मामीनं कॅडबरी आणली."

माझ्या सासूबाई 1999 च्या जूनमध्ये पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांनाही आम्ही तिथे नेलं. सासूबाई वाईजवळच्या एका खेड्यातल्या. घराणं वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. मांसमच्छी, अंडं, दारू यांतलं काही त्यांच्या उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. आमचे हे त्यांना बोर्नव्हिलची कथा सांगत होते. जॉन कॅडबरी यांनी 1824 साली बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर दुकान टाकलं, तिथे ते चहा, कॉफी आणि कोको विकत. हे लोक क्वेकर पंथाचे. दारूने गरिबांचे संसार बुडतात हे त्यांनी पाहिलेलं, म्हणून दारूऐवजी लोकांनी कोको प्यावा असं त्यांना वाटे. पुढे त्यांच्या मुलांनी, रिचर्ड आणि जॉर्ज यांनी, 1879 मध्ये शहराच्या धुरातून कारखाना बाहेर काढून इथे बागेत आणला. मग जॉर्ज यांनी शेजारी घरं बांधली, प्रत्येक घराला बाग ठेवली. खेळायला मैदानं, पोहायला तलाव, सगळं केलं. दारूचा गुत्ता मात्र वसाहतीत येऊ दिला नाही.

सासूबाईंनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजी माळकरीच की!"

क्वेकर पंथाबद्दल इतकं नेमकं वाक्य मी नंतर कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही.

त्याच मुक्कामातली दुसरी गोष्ट मात्र मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आमच्या यांनाही ती हा अंक हातात पडल्यावरच कळेल.

सासूबाईंना 'साहेबाचा चहा' दाखवायचा म्हणून आम्ही एका रविवारी शहराबाहेरच्या जुन्या हवेलीवजा हॉटेलात गेलो. आफ्टरनून टी ही इथल्या उमरावांची चैन. बेडफर्डच्या डचेसबाईंना दुपारचं जेवण आणि रात्रीचं उशिराचं जेवण यांच्यामध्ये पोटात कालवायला लागायचं, म्हणून 1840 च्या आसपास त्यांनी चार-पाच वाजता खोलीतच चहा आणि पाव-लोणी मागवायला सुरुवात केली, मग मैत्रिणींनाही बोलावू लागल्या, असं सांगतात. (आपले पाहुणे याला हमखास 'हाय टी' म्हणतात. हाय टी वेगळा. तो कष्टकऱ्यांचा, कामावरून आल्यावर मांसाबिंसासकट खायचा संध्याकाळचा जेवणवजा चहा. मुंबईच्या हॉटेलांनी हा घोळ घातलेला आहे.) तिमजली तबक आलं. खाली काकडीची आणि चीजची बोटभर सँडविचं, मध्ये स्कोन, जॅम आणि घट्ट साय, वर पेस्ट्रीज. त्यांत एक चौकोनी, जवळजवळ काळी ब्राउनी होती. वरचा पापुद्रा पापडासारखा तडकलेला आणि आत ओलसर.

मी वेटरला 'व्हेजिटेरियन' सांगितलं होतं. इथे नव्याने आलेल्यांनी हे नीट लक्षात ठेवावं: इंग्रजांच्या व्हेजिटेरियनला अंडं चालतं. आपल्याकडच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका अंडं नाही असं सांगतो, इथलं व्हेजिटेरियनचं चिन्ह तसं सांगत नाही. मला तेव्हा हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकते, पण ते खरं नाही. आठ वर्षं झाली होती मला इथे. माहीत होतं.

सासूबाईंनी ब्राउनीकडे बघून विचारलं, "यात अंडं न्हाई ना, पोरी?"

वेटर शेजारीच उभा होता. पांढरे हातमोजे, सरळ पाठ. आजूबाजूच्या टेबलांवर सगळं हळू आवाजात चाललेलं. आधीच आमच्याकडे, सासूबाईंच्या नऊवारीकडे, दोन-चार जणांनी वळून पाहिलं होतं. त्याला थांबवून एकेका पदार्थात काय आहे ते विचारायचं, तो आत जाऊन आचाऱ्याला विचारणार, परत येणार, मग अर्धं तबक परत पाठवायचं. मी म्हणाले, "नाही आई, घ्या तुम्ही."

त्यांनी ब्राउनी खाल्ली. आवडली. माझीही अर्धी खाल्ली.

दोन दिवसांनी आमची सात वर्षांची लेक शाळेतून आली ती उड्या मारतच. वर्गात ब्राउनी केली होती. आजीच्या मांडीवर बसून तिने सगळी कृती सांगितली: लोणी, साखर, चॉकलेट, मैदा आणि तीन अंडी, "आजी, मी स्वतः फोडली!" मी ओट्यापाशी उभी होते. सासूबाईंनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अस्सं व्हय." नंतर उठून आंघोळ केली, देवापुढे बसल्या. दुसरा दिवस कडकडीत उपवास. मुलाला सांगितलं की पोट बरं नाही.

मला एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून परत जाईपर्यंत, पाच आठवडे, स्वतःच्या हाताने केलेली भाकरी आणि भाजीच खात राहिल्या. "मला सवय हाय गं," एवढंच म्हणायच्या. पुढे 2006 ला आल्या तेव्हाही तेच. मी केलेलं त्या प्रेमाने वाढायच्या, सगळ्यांना आग्रह करायच्या आणि आपल्या ताटात घ्यायच्या नाहीत.

मी चॉकलेटच्या नादाला लागले ती यामुळे. नवऱ्याला वाटलं, हिला छंद लागला.

आधी ब्राउनीच घेतली. हिचा जन्म अमेरिकेतला. 1893 साली शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तिथे आलेल्या बायकांच्या डब्यात देता येईल असा, केकपेक्षा लहान आणि हाताने खाता येईल असा पदार्थ करा, असं पामरबाईंनी आपल्या नवऱ्याच्या पामर हाउस हॉटेलच्या आचाऱ्यांना सांगितलं, अशी कथा आहे. अंड्याचं ब्राउनीतलं काम दुहेरी. ते सगळं बांधून ठेवतं आणि साखरेबरोबर फेटलं की वरचा तो तडकलेला पापुद्रा देतं. मी दही आणि सोडा घालून पाहिलं, छान फुगला, पण तो केक झाला. आळशीची पूड पाण्यात भिजवून घातली, आतला ओलसरपणा जमला, पापुद्रा नाही. कंडेन्स्ड मिल्कने नुसतीच वडी झाली, आणि ती आमच्या मंडळाच्या गणपतीत प्रसाद म्हणून संपली. पापुद्रा मिळाला तो थेट 2015 नंतर, छोले उकडलेल्या पाण्यातून. ते पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेटता येतं हे तेव्हा सगळीकडे पसरलं होतं. फेसून साखर घालायची आणि मगच वितळलेलं चॉकलेट. छोल्यांचा वास अजिबात येत नाही. डब्यातलं पाणी घेणार असाल तर बिनमिठाचं घ्या, हे मी एकदा खारट ब्राउनी पंधरा जणांना खिलवून शिकले.

ट्रफलकडे मी उशिरा वळले. जमिनीखाली वाढणारी ट्रफल नावाची महागडी अळंबी असते, तिच्यासारखं ओबडधोबड दिसतं म्हणून हे नाव. मूळ पदार्थ दोनच वस्तूंचा: चॉकलेट आणि साय. अंड्याची गरजच नाही. पण इथे पेटीतले ट्रफल घेऊन भारतात जाणाऱ्यांना एक सांगणं: मागचं बारीक अक्षर वाचा. रम, ब्रँडी, शॅम्पेन यांपैकी काहीतरी निम्म्या पेट्यांत असतं. आमच्या ओळखीच्या एका घरी एकादशीच्या दिवशी... जाऊ द्या, ते त्यांनाच लिहू दे.

त्यामागचं शास्त्र मला फार आवडतं. कोकोच्या बियांत निम्म्याच्या आसपास चरबी असते, कोको बटर. ते सुमारे 34 अंशांना वितळतं. आपलं तोंड त्याहून थोडं गरम, म्हणून चांगलं चॉकलेट जिभेवर ठेवलं की चावावं लागत नाही. गरम साय चॉकलेटवर ओतून मधोमध हळूहळू ढवळलं की चरबी आणि पाणी एकजीव होऊन चकचकीत गनाश तयार होतं. नुसत्या वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा एक थेंब पडला तर ते दगडासारखं आळतं, आणि पुरेसं पातळ घातलं तर रेशमासारखं होतं. थोडं वाईट, जास्त चांगलं, असं दुसरं काही स्वयंपाकघरात मला तरी माहीत नाही.

सासूबाईंचा इकडचा प्रवास गुडघ्यांमुळे केव्हाच थांबला. 2023 च्या दिवाळीला आम्हीच गेलो, लेकही आली. सामानात मी दीड किलो साधं काळं चॉकलेट नेलं, बाकी काही नाही. ट्रफल करून न्यायचे नव्हते. त्यांच्या घरात, त्यांच्या भांड्यात, त्यांच्यासमोर करायचे होते.

धनत्रयोदशीच्या सकाळी त्यांना चुलीशेजारी पाटावर बसवलं. त्यांनी आधी नातीकडून पाकिटावरचं अक्षर न् अक्षर वाचून घेतलं. "लेसिथिन म्हंजी काय गं?" सोयाबीनमधून काढतात, असं नातीने सांगितलं. "मग हरकत न्हाई." साय त्यांच्याच म्हशीची. मी 200 ग्रॅम चॉकलेट चिरून घेतलं, अर्ध्या वाटीवर साय गरम करून ओतली, ढवळलं आणि ते फुटलं. वर तेल तरंगायला लागलं, खाली रवाळ गोळा. बर्मिंगहॅमच्या दुकानातल्या पातळ क्रीमची सवय माझ्या हाताला. आटवलेल्या म्हशीच्या दुधाच्या सायीत चरबीच चरबी, पाणी जवळजवळ नाही.

सासूबाई वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "कोमट दूध घाल. चमचा चमचा. घाई करू नगं."

पुस्तकातही तेच लिहिलेलं असतं. तीन चमच्यांत गनाश जमून आलं, आरशासारखं.

ते थंड व्हायला ठेवलं तेव्हा मी बोलले. चोवीस वर्षं बोलायचं होतं. म्हणाले, "आई, त्या हॉटेलात मी तुमच्याशी खोटं बोलले होते. मला माहीत होतं त्यात अंडं आहे ते."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अंड्याचं काय न्हाई गं. अजाणता पोटात गेलं, इठ्ठल समजून घेतोय. पर त्या हातमोजेवाल्याला इचारायची तुला लाज वाटली. अंड्याची न्हाई, माझी लाज वाटली तुला. त्येचं लागलं मला."

मी काय बोलणार? त्यांनी पातेलं पुढे ओढलं, "आता वळायचं न्हवं?" म्हणत तळहातावर गोळा घेतला आणि वळायला सुरुवात केली. ट्रफल वळायला हात थंड लागतात. माझ्या हातात ते चिकटतात, लेकीच्या हातात तर चिखलच होतो. त्यांचे हात थंडगार, चाळीस दिवाळ्यांचे लाडू वळलेले. एकासारखा एक, कोकोच्या पुडीत घोळवून, सव्वीस झाले. पहिले पाच वाटीत घालून विठोबापुढे ठेवले, तुळशीचं पान ठेवून पाणी फिरवलं. मग त्यातलाच एक तोंडात टाकला. आम्ही दोघी बघत राहिलो.

"कडू हाय," त्या म्हणाल्या. आणि दुसरा घेतला.

संध्याकाळी शेजारच्या घरी फराळाचं ताट गेलं. चकली, करंजी, अनारसे आणि कडेला चार ट्रफल. ताट घेऊन माझी लेक गेली होती. त्या घरची म्हातारी दारातूनच ओरडली, "ही काळी गोळी कसली? परदेशातली हाय, यात अंडं न्हाई न्हवं?"

माझ्या आधी आमच्या ओट्यावरून उत्तर गेलं. "न्हाई! खा बिनघोर. माझ्या सुनेनं माझ्यासमोर केल्यात."