फिर्याद कोणाची?

जमावबंदी मोडली की गुन्हा झालाच, असे आपण समजून चालतो. नागपुरातील गिरणी कामगारांच्या आंदोलनानंतर बाबुलाल पराते यांनी १४४ कलमालाच आव्हान दिले. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरविले. तो दरवाजा बंद झाला. पण खटल्याचा दरवाजा निराळा! नुसती अवज्ञा पुरत नाही. तिने अडथळा, इजा वा दंगा व्हावा किंवा होण्याचा संभव असावा लागतो. शिवाय लेखी फिर्याद हवी, तीही हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याची वा त्याच्या वरिष्ठाची. पोलिसांचे आरोपपत्र पुरत नाही. धर्मपुरीच्या बस जाळल्याच्या खटल्यात २०१० मध्ये खुनाचा गुन्हा शाबीत राहिला, हुकूमभंगाचा मात्र याच उणिवेपायी टिकला नाही. १ जुलै २०२४ पासून कलमांचे आकडे बदलले, अधिकाऱ्याने नेमलेल्यासही फिर्याद देता येऊ लागली. लेखी फिर्यादीची अट आपल्याकडे अजून आहे.