वाचलेलं आणि शिजवलेलं

गेल्या मे महिन्यात अम्मी आमच्याकडे सोनारीला राहायला आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी चुलीच्या धुरापासून लांब राहायला सांगितलेलं. सत्तरी पार केलेल्या बाईला नुसतं बसा म्हणणं म्हणजे शिक्षाच. पहिले दोन दिवस त्या दारात बसून माकडं मोजत राहिल्या. काळभैरवनाथाच्या देवळामुळे आमच्या गावात माणसांइतकाच माकडांचाही राबता, त्यामुळे मोजायला कमी नव्हती. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तू दिनभर क्या पढती रहती गे? जरा हमको भी सुना."

अम्मींना अक्षरओळख नाही. कुरआन शरीफच्या काही सूरा तोंडपाठ, बाकी सगळं ज्ञान हातात. मग ठरलं असं की दुपारी जोहरनंतर मी मोठ्याने वाचायचं, त्यांनी ऐकता ऐकता डाळ निवडायची, लसूण सोलायचा. ही पुस्तकांना पदार्थ जोडण्याची कल्पना माझी नव्हे. पहिलं पुस्तक संपलं तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, "इसके साथ खिचडी-खट्टा होना." जणू पाहुणा आलाय आणि त्याला काय आवडेल ते त्यांना ठाऊक आहे!

ते पहिलं पुस्तक होतं डेप्युटी नजीर अहमद यांचं 'मिरातुल उरूस'. १८६९ सालचं. उर्दूतल्या पहिल्या कादंबऱ्यांत त्याची गणना होते. मुलींच्या हाती द्यावं असं काही उर्दूत नाही, म्हणून त्यांनी ते स्वतःच्या मुलीसाठी लिहायला घेतलं, आणि पुढे त्याला सरकारकडून एक हजार रुपयांचं इनाम मिळालं. अकबरी आणि असगरी या दोन बहिणी. थोरली फूहड, धाकटी सुगरण आणि हिशोबी. असगरीच्या सासरी मामा अजमत नावाची जुनी मोलकरीण सौदा आणताना वरचे पैसे खाते, घराच्या नावावर उधारी चढवते, आणि असगरी तिचा सगळा हिशोब उघडा पाडते.

मला लहानपणापासून असगरीचं कौतुक. शाळेत आम्हाला तीच आदर्श म्हणून दाखवली होती. अम्मींनी मात्र भलताच निकाल दिला. "लडकी होशियार है, लेकिन अकबरी को किसी ने सिखाया क्या?" वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुली माझ्या डोळ्यांसमोर आल्या. मी गप्प बसले.

तर खिचडी-खट्टा. आपल्या मराठवाड्यात हा सकाळचा नाश्ता, रमजानमध्ये सहरीलाही चालणारा. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मसूर डाळ, दोन्ही धुऊन अर्धा तास भिजत ठेवायचं. तेलात एक कांदा लालसर तळून त्यात आलं-लसूण, हळद, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, मग डाळ-तांदूळ आणि दुप्पट गरम पाणी. खट्ट्यासाठी लिंबाएवढी चिंच भिजवून कोळ काढायचा. दोन चमचे तीळ आणि मूठभर शेंगदाणे भाजून बारीक वाटायचे, कोळात कालवायचे. वरून कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, आणि शेवटी जिरे व सुक्या मिरचीची फोडणी. खट्टा शिजवायचा नाही. गरम खिचडीवर गार खट्टा, हीच त्याची मजा. अम्मींच्या मते असगरी हेच करत असणार, कारण यात पैसा कमी लागतो आणि घर भरपेट जेवतं. दिल्लीच्या असगरीला खट्टा माहीत होता की नाही, हा वाद मी घातला नाही.

मग प्रेमचंदांची 'ईदगाह'. कितीदा वर्गात शिकवली असेल! हामिदच्या खिशात तीन पैसे आणि आजी अमीनाच्या बटव्यात पाच, एवढ्यावर त्या घरची ईद. मुलं खेळणी घेतात, मिठाई खातात. हामिद आजीची बोटं तव्यावर भाजू नयेत म्हणून चिमटा घेऊन येतो. अम्मी ऐकताना निवडायचं ताट बाजूला ठेवून बसल्या. नंतर स्वतःच्या बोटांकडे पाहत म्हणाल्या, "हमारे यहाँ भी चिमटा बहुत देर से आया."

ईदची गोष्ट म्हणून मी शीरखुर्म्याचं नाव काढलं, तर त्या नाही म्हणाल्या. अमीनाच्या घरी दूध कुठलं, चारोळी-खजूर कुठली? गुळाच्या शेवया करायच्या. म्हणून मेमध्येच आम्ही हातशेवयांचा घाट घातला. रवा-मैद्याचं घट्ट पीठ मळून, तासभर मुरवून, पाटावर शेवया पाडल्या आणि गच्चीवर धोतरावर वाळत घातल्या. सोनारीत गच्चीवर काहीही वाळत घालायचं म्हणजे एक माणूस काठी घेऊन बसवावाच लागतो. आमच्या लेकीची नेमणूक झाली. ती पाणी प्यायला खाली गेली तेवढ्यात एक लंगूर दोन मुठी घेऊन पसार. अम्मी खो-खो हसल्या. "उसकी भी ईद." उरलेल्या शेवया चमचाभर तुपात बदामी भाजल्या, गरम पाण्यात मऊ शिजवून घेतल्या, वेगळा विरघळवून गाळलेला गूळ त्यात घातला, वर किसलेलं खोबरं आणि वेलदोडा. शेवया मऊ होण्याआधी गूळ घातला तर त्या कडक राहतात, एवढं लक्षात ठेवा.

तिसरं पुस्तक काढताना मी जरा कचरले होते. शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी', १९८४ सालचं आत्मकथन. लिंबाळे आपल्याच शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. पुढे 'सनातन' या कादंबरीसाठी त्यांना २०२०चा सरस्वती सन्मान मिळाला. मी ते बी.एड.ला असताना वाचलं होतं, ते शेवटी परीक्षेपुरतंच. आता वीसेक वर्षं मुलं शिकवल्यावर वाचलं तेव्हा शाळेच्या सहलीचं पान पुढे सरकेना. सहलीत इतर मुलांचं उरलेलं अन्न महार पोरांना दिलं जातं. घरी आल्यावर आई विचारते, माझ्यासाठी थोडं का आणलं नाहीस? आणि दुसऱ्या दिवशी गुरुजी सहलीवर निबंध लिहायला सांगतात. त्याच पुस्तकात आजी संतामाय शेणातून निवडलेल्या दाण्यांची भाकरी करते.

अम्मींना त्यात ओळखीचं वाटलं ते महमूद दस्तगीर जमादार. जन्माने मुसलमान असलेला हा माणूस संतामायबरोबर महारवाड्यात राहिला आणि शरणकुमारला त्याने नातवासारखं वाढवलं. त्याच्याविषयीची पानं त्यांनी दोनदा वाचून घेतली. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी मगरिबनंतर त्यांनी स्वतःहून सांगितलं. त्या नवी नवरी म्हणून सासरी आल्या तेव्हा अंगणातल्या कोनाड्यात एक जर्मनची वाटी उपडी घातलेली असे. ज्वारी काढायला येणाऱ्या बायकांना त्या वाटीत चहा. पिऊन झाल्यावर ती त्यांनीच धुवायची, त्यांनीच परत ठेवायची. "हमारे घर में. मुसलमान के घर में. मैंने खुद चाय डाली उसमें." ही गोष्ट त्यांनी मला आजवर कधी सांगितली नव्हती. आपल्यात हे नाही, असं मी स्टाफरूममध्ये किती वेळा छाती फुगवून सांगितलं होतं! दीनमध्ये नाही, हे खरं. पण कोनाड्यात होतं.

या पुस्तकाबरोबर काय शिजवायचं, हे अम्मींनी माझ्यावर सोडलं. मला शाळेची खिचडी आठवली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१च्या आदेशानंतर शाळांमध्ये कोरडा तांदूळ देण्याऐवजी शिजवलेलं अन्न द्यायला सुरुवात झाली. तांदूळ, डाळ किंवा मटकी, हळद, कांदा-लसूण मसाला, मोठ्या पातेल्यात. चवीला म्हणाल तर बेताची. पण पोरं एका ओळीत मांडी घालून बसतात. कोण कोणाशेजारी बसतो आणि कोण सरकून जागा बदलतो, हे मी आजही बघत असते. एका वर्षी एका पालकाने मुलाला घरचा डबा द्यायला सुरुवात केली. खिचडी शिजवणारी बाई कोण आहे ते कळल्यावर. कुठली शाळा, कुठला पालक, ते इथे लिहीत नाही. मुलगा मात्र डबा मित्रांना देऊन खिचडी खायचा. त्या दिवशी आम्ही घरी तशीच खिचडी केली, मसाला कमी आणि पाणी जास्त.

मग ओघानेच शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' आलं. २०१५ साली निघालेलं हे पुस्तक, आणि लेखक आपल्याच धाराशिव जिल्ह्याचे. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाच्या घरात काय शिजत होतं, कसं शिजत होतं, ते त्यांनी पाककृतींसकट लिहून ठेवलं. २०२४मध्ये भूषण कोरगांवकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवादही आला. 'अन्न हे पूर्णब्रह्म' म्हणणाऱ्यांच्या पुस्तकांत दूध-तुपाची रेलचेल असते. इथे दूध-तूप नाहीच, तेलही नावाला. जे पदरात पडलं त्याचं जेवण. लक्ष्मीबाई धुरंधरांनी 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१०मध्ये लिहिलं, कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७०चं. ही दोन्ही पुस्तकं मोलाचीच. पण त्या हजार क्रियांच्या बाहेर किती चुली पेटत होत्या, हे पाटोळ्यांचं पुस्तक वाचल्यावर कळतं.

सगळंच आपल्या दस्तरखानावर चालणारं नाही, हे उघड आहे. रक्ताचा पदार्थ आपल्याला हराम, आणि मेलेल्या जनावराचं मांसही. ती पानं वाचताना अम्मींनी तोंड फिरवलं नाही, एवढंच नोंदवते. आपले रसूल सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी कधी अन्नाला नाव ठेवलं नाही. आवडलं तर खाल्लं, नाही तर राहू दिलं. भुकेल्याने काय खाल्लं यावर नाक मुरडायला आपल्याला तरी कुठे मुभा आहे? आणि मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्यांचं, म्हणजे चान्यांचं वर्णन आलं तेव्हा तर त्या मध्येच म्हणाल्या, "ये तो अपना बकरीद का सुक्का गोश्त!" खरंच की. कुर्बानीच्या बकऱ्याचं गोश्त लांब पट्ट्यांत कापून, मीठ-हळद चोळून, दोरीवर वाळवायचं. पावसाळ्यात तेच तव्यावर भाजून, कुटून खायचं. फ्रिज नव्हते तेव्हा दोन्ही वस्त्यांवर तीच दोरी होती. जूनमध्ये बकरीदला आम्हीही थोडं वाळवलं. माकडं त्याकडे फिरकली नाहीत.

या पुस्तकाला अम्मींनी येसरचा रस्सा नेमून दिला. ज्वारी, बाजरी, गहू, हरभरा डाळ मूठ-मूठ घेऊन वेगवेगळी खमंग भाजायची. धने, जिरे, मिरे, लवंग, दालचिनी, तमालपत्र, सुक्या मिरच्या परतून त्यात घालायच्या आणि सगळं एकत्र दळायचं. हे येसर डब्यात महिनोन्‌महिने टिकतं. उस्मानाबादी बकऱ्याचं पाव किलो हाडांसकट मटण शिजवून घ्यायचं. भाजलेला कांदा, लसूण, सुकं खोबरं वाटून तेलात परतायचं, त्यात मटण आणि त्याचं पाणी. तीन चमचे येसर गार पाण्यात कालवून मगच घालायचं, नाही तर गुठळ्या होतात. वर गरम पाणी घालत जायचं. पाव किलोत दहा माणसं जेवतात ती या पिठाच्या जिवावर. रस्सा केलास तर पाणी वाढव आणि शेजाऱ्याचा विचार कर, अशी हदीस हजरत अबू जर यांच्याकडून आली आहे. अम्मींना ती येते. त्यांनी दोन तांबे पाणी जास्त घालायला लावलं आणि मागच्या गल्लीत, ज्वारी काढायला येणाऱ्या एका मावशींकडे पातेलं पाठवलं. आमच्या रोजच्या वापरातलं, झाकणाचं स्टीलचं पातेलं. दुसऱ्या दिवशी ते परत आलं तेव्हा त्यात हुलग्याचे शेंगोळे होते. आम्ही ते रात्री भाकरीबरोबर खाल्ले. लसूण भरपूर होता.

हे सगळं मी एका वहीत लिहीत होते, उर्दूत, कारण अम्मींची बोली मला त्याच लिपीत सुचते. एके दिवशी लेकीने वही उघडली आणि तशीच मिटली. ती मराठी माध्यमात शिकते. उर्दू तिला बोलता येते, वाचता येत नाही. मी स्वतः उर्दू-मराठीची शिक्षिका, आणि घरात हे असं! दोष द्यायला दुसरं कोणी नाही. आता रोज अर्धा तास अलिफ-बे चालू आहे, पण तोवर नानीची पाककृती थांबणार थोडीच? म्हणून दालच्याची पाककृती लेकीनेच उतरवून घेतली, देवनागरीत, नानीच्या तोंडची दखनी जशीच्या तशी. "दूधी के मोटे टुकडे करना. गोश्त गलने के बाद डालना. इमली आखिर में."

अडलं ते मापापाशी. लेकीला 'रुचिरा'तल्यासारखं वाटी-चमच्याचं माप हवं, आणि अम्मींचं माप म्हणजे मूठ. "चने की दाल कितनी, नानी?" "चार मूठ." "किसकी मूठ?" यावर अम्मींनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की बास. शेवटी लेकीने डाळीचा डबा त्यांच्यापुढे धरला, मूठ भरायला लावली, वाटीत रिकामी करायला लावली. तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा अर्ध्या वाटीला बोटभर कमी.

वहीत तसंच लिहिलंय : नानीची एक मूठ म्हणजे अर्धी वाटी, बोटभर कमी.