अर्धी सुई कुठंय?

आपल्या अंकात दरवर्षी रोबोटिक्स आणि नॅनो टेक्नॉलॉजीवर लेख येतात. मी लिहिणार आहे सुईवर! हसू नका. आधीच माझं मराठी कॉन्व्हेंटचं, चुका पदरात घ्या.

आम्ही राहतो वडप्याला, मुंबई-नाशिक हायवेच्या कडेला. एका बाजूला गोडाऊन, दुसऱ्या बाजूला भिवंडीच्या लूमची खटखट. आमच्या घरात मात्र आईच्या शिलाई मशीनची खटखट. फॉल-पिको, ब्लाऊज, शाळेचे युनिफॉर्म... माझी फी त्यातूनच भरली जाते.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी जीन्स आखूड करायला स्वतःच मशीनवर बसलो. मेकॅनिकलचा विद्यार्थी म्हटल्यावर एवढं यायलाच हवं ना! शिलाईच्या जोडावर कापडाचे चार-सहा थर आले, मशीन अडलं आणि मी कापड मागून खेचलं. 'टक्' असा आवाज झाला आणि काहीतरी चष्म्यावर आपटलं. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "मोटर बंद कर! कोणी हलू नका! अर्धी सुई कुठंय ते बघ आधी!"

मला वाटलं, एवढ्याशा तुकड्यासाठी इतका गोंधळ? पण कारण होतं. मी तिसरीत असताना गोधडीत राहिलेली सुई पप्पांच्या टाचेत घुसून मोडली होती. एक्स-रे, छोटं ऑपरेशन आणि तीन आठवडे घरी. रोजंदारीवरच्या माणसाला तीन आठवडे म्हणजे काय, ते आईला विचारा.

आता थोडं इंजिनिअरिंग. सुईचं टोक ०.१ मि.मी. व्यासाचं धरा. त्यावर १ न्यूटन, म्हणजे साधारण १०० ग्रॅम वजनाइतकं बल दिलं, तर दाब येतो सुमारे १२७ मेगापास्कल. वातावरणाच्या दाबाच्या बाराशे पटींहून जास्त! तेवढंच बल बोटाच्या एक चौरस सेंटीमीटरवर पसरलं तर फक्त १० किलोपास्कल. अंगुस्तान हेच काम करतं. सुईच्या मागच्या बाजूचा दाब ते पसरवतं, म्हणून जाड कापड शिवताना ते बोटात हवंच.

आणि सुई मोडते का? मशीनच्या पाकिटावर ९०/१४ किंवा १००/१६ असे आकडे असतात. ९० म्हणजे ०.९० मि.मी. जाडी, १०० म्हणजे १ मि.मी. जीन्सला जाड सुई लागते, मी ब्लाऊजचीच वापरली. एका टोकाला पकडलेली सुई म्हणजे आपला कँटिलिव्हर बीम. कापड खेचलं की ती वाकते आणि खालच्या पट्टीवर आपटते. कडक केलेलं पोलाद फार वाकत नाही, तुटतंच. कारखान्यातली मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके घालतात, तिथे तुकडा किती जोरात उडेल विचार करा! म्हणूनच एक्स्पोर्टच्या कारखान्यात मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे जमा केल्याशिवाय नवी सुई देत नाहीत. आईने हा नियम कुठल्याही मॅनेजमेंटच्या पुस्तकाशिवाय केला आहे.

आमच्या घरचे बाकीचे नियम असे :

सुई ओवताना किंवा बदलताना मोटरचा स्विच बंद. नुसता पाय उचलून भागत नाही. टाचण्या ओठात धरायच्या नाहीत. एक ठसका लागला तर टाचणी श्वासनलिकेत! कात्री देताना मूठ समोरच्याकडे. आजी म्हणायची, रिकामी कात्री चालवली की घरात भांडणं होतात, आणि दिवेलागणीनंतर सुई कोणाला देऊ नये. मी हसायचो. पण अंधारात पडलेली सुई सापडत नाही, हे शंभर टक्के सायन्स आहे. मोडक्या सुया केरात टाकायच्या नाहीत, झाकणाच्या डबीत ठेवायच्या. कचरा उचलणाऱ्यालाही हात आहेत.

आणि टोचलीच तर? साबण-पाण्याने धुवा. आत तुकडा राहिल्याचा संशय असेल तर कोरत बसू नका, त्या पायावर चालू नका, उरलेला तुकडा घेऊन डॉक्टरकडे जा. धातू एक्स-रेमध्ये दिसतो. धनुर्वात गंजामुळे होतो हा गैरसमज आहे. तो होतो मातीत असणाऱ्या जंतूंमुळे, आणि खोल, हवा न लागणारी जखम त्यांना आवडते. म्हणून सुई चकचकीत असली तरी इंजेक्शनचं डॉक्टरांना विचाराच.

त्या दिवशी शेवटी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवलं. तुकडा सापडला, चटईच्या काठाशी, जिथे माझी छोटी बहीण रोज खेळायला बसते. आईने दोन्ही तुकडे जुळवून पाहिले, मगच मोटर चालू करू दिली.

खंडेनवमीला आई मशीनला आणि कात्रीला हळद-कुंकू वाहते. आपल्या वर्कशॉपमध्येही लेथला हार घालतात. पण खरी पूजा उरलेल्या ३६४ दिवसांची! पटलं तर आज घरी गेल्यावर आईचा सुयांचा डबा बघा, आणि त्याला झाकण आहे का तेवढं सांगा.